अमेरिकेत अटकेच्या वेळी पोलिसांनी इजा केली, तर दावा कसा उभा करायचा

६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ. अलाबामातल्या मॅडिसन गावात ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल मुलाच्या घराबाहेर चालायला निघाले होते. नातवाला सांभाळायला गुजरातहून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. एक अनोळखी माणूस घरांकडे बघत फिरतोय, असा कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, विचारपूस सुरू झाली. पटेलांना इंग्रजी येत नव्हतं. "इंडिया", "नो इंग्लिश" एवढंच ते सांगू शकले, आणि मुलाच्या घराच्या दिशेने हात दाखवला. पुन्हा हात झटकू नका, असं एक अधिकारी त्यांना इंग्रजीत बजावत होता. ते त्यांना कळणार कसं? पुढच्याच क्षणी त्याने त्यांचे हात पाठीमागे धरलेले असतानाच पाय उडवून त्यांना जमिनीवर आपटलं. डोकं आधी आदळलं, मानेच्या मणक्याला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. हे सगळं पोलीस गाडीच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं.

दर उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीत पुण्या-नाशकाहून आलेले आई-बाबा सकाळी पांढरे बूट घालून चालायला निघतात, तेव्हा मला पटेल आठवतात.

मी मराठी आणि हिंदीची दुभाषी आहे. वकिलांच्या ऑफिसात, हॉस्पिटलात, जबानीच्या खोलीत दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगणं हे माझं काम. मी वकील नाही आणि इथे लिहिते तो कायदेशीर सल्ला नाही. तो तुमच्या राज्यातल्या वकिलाकडूनच घ्या. पण अशी प्रकरणं वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पोलिसांचा अहवाल त्याच संध्याकाळी लिहून होतो. आपलं म्हणणं मात्र आपण महिनाभर मनात घोळवत बसतो, आणि कोर्ट बघतं ते कागदाकडे. म्हणून पायऱ्या कोणत्या आणि कुठल्या क्रमाने चढायच्या, ते सांगते.

आधी कायदा, थोडक्यात

या दाव्याला इथे सगळे "नाइन्टीन एटी-थ्री" म्हणतात. ते वर्ष नाही, कलमाचा आकडा आहे. अमेरिकेच्या कायदेसंहितेच्या ४२ व्या भागातलं कलम १९८३. मूळ कायदा १८७१ चा, दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीचा हैदोस चालू असताना काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केलेला. पुढे नव्वद वर्षं तो जवळजवळ पडून होता. १९६१ मध्ये शिकागोच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात घुसून केलेल्या झडतीचा 'मन्रो विरुद्ध पेप' हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेव्हापासून हे कलम खऱ्या अर्थाने वापरात आलं. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी तुमचा घटनादत्त हक्क मोडला, तर तुम्ही त्या माणसावर भरपाईचा दावा लावू शकता, हे त्याचं सार.

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. कलमाच्या मजकुरात नागरिकांबरोबर "इतर व्यक्ती" असेही शब्द आहेत. म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाई, एच-वनवरचा मुलगा, विद्यार्थी, सगळे दावा लावू शकतात. भारतात परतल्यावरही दावा चालू ठेवता येतो. "आपण पाहुणे, आपल्याला कुठला हक्क" हे वाक्य मी इतक्या बैठकखान्यांत ऐकलंय की आता ऐकलं की मी तिथल्या तिथे खोडून काढते.

बळ जास्त होतं की नाही, हे ठरवण्याची कसोटी १९८९ च्या 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' निकालात आहे. ग्रॅहम मधुमेही होते. साखर उतरतेय असं वाटल्यावर ते मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस आणायला गेले, दुकानात लांब रांग दिसली म्हणून घाईने बाहेर पडले. ती घाई एका पोलिसाला संशयास्पद वाटली. पुढे बेड्या पडल्या, झटापट झाली, आणि ग्रॅहम यांचा पाय मोडला. न्यायालयाने सांगितलं की जागेवर असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहा आणि विचारा: गुन्हा किती गंभीर होता? त्या माणसापासून कुणाला तातडीचा धोका होता का? तो प्रतिकार करत होता किंवा पळत होता का? मे २०२५ मध्ये 'बार्न्स विरुद्ध फीलिक्स' खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की शेवटच्या दोन सेकंदांपुरतं पाहून चालणार नाही, आधीपासून काय घडत आलं तेही पाहायचं.

आणखी एक सांगून ठेवते. कसोटी ग्रॅहम यांच्या नावाची झाली, पण खटला परत खाली गेल्यावर ज्युरीने निकाल पोलिसांच्या बाजूने दिला. हे दावे कठीण असतात. म्हणूनच पायरी चुकवायची नाही.

पायरी पहिली: त्या वेळी, त्या जागी

पोलीस चुकत असला तरी रस्त्यावर त्याच्याशी वाद घालायचा नाही. हात उघडे, दिसतील असे ठेवायचे. हात धरला तर ओढून घ्यायचा नाही. अन्याय मांडायची जागा कोर्ट आहे, फुटपाथ नाही.

घरी आलेल्या आई-बाबांसाठी एक कार्ड आजच बनवा. त्यावर इंग्रजीत नाव, घरचा पत्ता, तुमचा फोन आणि "मला इंग्रजी समजत नाही, मी मराठी बोलते किंवा बोलतो" एवढा मजकूर पुरे. मात्र कार्ड खिशात ठेवायला देऊ नका. अनोळखी माणसाचा हात खिशाकडे गेला की पोलीस बिथरतो. ऑफिसच्या ओळखपत्रासारखं ते गळ्यात अडकवायला द्या. बाबा कुरकुर करतील, करू द्या.

तुम्ही बघणारे असाल तर अंतर राखून मोबाईलवर चित्रण करा. उघड्यावर काम करणाऱ्या पोलिसांचं चित्रण करण्याचा हक्क अनेक फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयांनी मान्य केलेला आहे. अट इतकीच की कामात आडवं यायचं नाही. बिल्ला क्रमांक, गाडीचा क्रमांक, वेळ, आणि कोण कोण पाहत होतं हे टिपून ठेवा.

अटक झालीच, तर दोन वाक्यं पाठ असू द्या: मला वकील हवा आहे, आणि मी वकिलाशिवाय बोलणार नाही. मराठी दुभाषी मागा. भारतीय नागरिक असाल तर वकिलातीला कळवा असंही सांगा. व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने तो हक्क दिलेला आहे. आणि कोठडीतून घरी फोन कराल तेव्हा "जेवलात का, औषध घेतलं का" याच्या पुढे जाऊ नका. ते फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं की कुणाला कळणार नाही, असं समजू नका. ती रेकॉर्डिंग भाषांतरासाठी माझ्यासारख्यांकडेच येतात.

पायरी दुसरी: पहिले दोन दिवस, आणि 'पडलो' हा शब्द

सुटका झाली की घरी नाही, आधी डॉक्टरकडे. आपल्या माणसांना हे पटवताना नाकी नऊ येतात. "हळद लावली की उतरेल सूज." उतरेल, पण तिची नोंद कुठे राहील?

इमर्जन्सीत काय होतं ते सांगते. नर्स विचारते, काय झालं? काका संकोचून म्हणतात, "पडलो." पोलिसांनी मारलं हे परक्या बाईसमोर सांगायची लाज वाटते. नर्स लिहिते की रुग्ण पडला. दोन वर्षांनी समोरचा वकील तो कागद पुढे सरकवतो: तुम्ही स्वतःच डॉक्टरांना सांगितलंत की तुम्ही पडलात. मराठीत 'पडलो' आणि 'पाडलं' यांत एका कान्याचं अंतर आहे, पण दाव्यात ते अंतर लाखो डॉलरचं असतं. म्हणून कुणी, कसं, अंगाच्या कुठल्या भागावर, किती वेळ, हे जसं घडलं तसं सांगायचं. वाढवून नाही आणि गिळूनही नाही. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला विनामूल्य दुभाषी द्यावा लागतो, आणि जवळजवळ सगळीच हॉस्पिटलं तो निधी घेतात. तेव्हा घरातल्या मुलाला दुभाषी बनवू नका. मुलासमोर वडील निम्मंच बोलतात.

बेड्या आवळल्याने अंगठ्याच्या बाजूला बधिरपणा आला असेल, तर तो मुद्दाम सांगा. मनगटाजवळची नस दाबली गेल्याने असं होतं, ते एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि त्याची वेगळी तपासणी करावी लागते. डोकं आपटलं असेल तर चक्कर, उलटी, विसरणं, उजेडाचा त्रास हे सगळं बोला.

फोटो एकदाच काढून थांबू नका. सावळ्या कातडीवर काळंनिळं उशिरा उमटतं. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी काढा, खिडकीच्या उजेडात, शेजारी एखादं नाणं ठेवून, म्हणजे मोठेपणा कळतो. एक फोटो चेहऱ्यासकट, एक जवळून. त्या दिवशीचे कपडे धुवू नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात.

मग बसा आणि घडलेलं मराठीत लिहून काढा. इंग्रजीत लिहायचा अट्टहास नको. ज्या भाषेत आठवतं त्या भाषेत लिहिलं की तपशील सुटत नाहीत. वर "माझ्या वकिलासाठी" असं लिहा आणि तो कागद व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नका. फेसबुकवर तर एक अक्षरही नको. तिथे लिहिलेलं सगळं पुढे समोरच्या वकिलाच्या हातात जाऊ शकतं.

पायरी तिसरी: पुरावा पुसला जाण्याआधी थांबवा

पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं, गाडीतल्या कॅमेऱ्याचं, ९११ या आपत्कालीन क्रमांकावरच्या फोनचं आणि कंट्रोल रूमच्या नोंदींचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. ते किती दिवस ठेवायचं हे राज्याराज्यांत वेगळं आहे. शेजाऱ्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यांतलं तर काही आठवड्यांतच पुसलं जातं. पटेलांच्या गोष्टीत ते चित्रण नसतं तर काय उरलं असतं, याचा विचार करा. एका बाजूला इंग्रजी न येणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला वर्दी.

म्हणून वकील मिळायच्या आधीही पोलीस खातं आणि शहराचा क्लार्क या दोघांना एक पत्र पाठवा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागा, या घटनेची सगळी रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं जपून ठेवा, दावा होण्याची शक्यता आहे. पत्रात घटनेचं वर्णन नको. रजिस्टर्ड डाकेने पाठवा, पावती सांभाळा. शेजाऱ्यांकडे त्याच संध्याकाळी जा.

रेकॉर्डची प्रत मागायला प्रत्येक राज्यात माहितीचा कायदा आहे. न्यू जर्सीत त्याला ओप्रा म्हणतात, न्यू यॉर्कमध्ये फॉइल, कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट. महाराष्ट्रात माहितीचा अधिकार वापरलेल्या माणसाला हे नवं वाटणार नाही. नेट लावून मागत राहायचं. सगळ्यात आधी हवीत ती अधिकाऱ्यांची नावं. "अज्ञात अधिकारी" म्हणून दावा दाखल केला आणि मुदत संपल्यावर नाव कळलं, तर ते नाव घालायला न्यायालय बहुधा परवानगी देत नाही.

खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाकडेही तक्रार करता येते. मात्र तिथे दिलेला जबाब तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. तुमच्यावर फौजदारी आरोप लागलेला असेल तर वकिलाशिवाय तिथे जाऊच नका.

पायरी चौथी: मुदती

हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. कलम १९८३ ला स्वतःची मुदत नाही; राज्यातल्या शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत त्याला लागू होते. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सस, इलिनॉय इथे २ वर्षं. न्यू यॉर्कमध्ये ३. टेनेसी आणि केंटकीत अवघं १ वर्ष. बळ वापरल्याच्या तक्रारीत ही मुदत बहुधा घटनेच्याच दिवसापासून धावू लागते.

पण त्याआधी एक छोटी मुदत दबा धरून बसलेली असते. राज्याच्या कायद्याखाली मारहाण, निष्काळजीपणा असे दावेही जोडायचे असतील, तर आधी सरकारी संस्थेला लेखी नोटीस द्यावी लागते. न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कमध्ये ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात ६ महिन्यांत. कलम १९८३ साठी ही नोटीस लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं आहे. तरी राज्याचे दावे हातचे का घालवायचे? आपली माणसं "आधी बरं वाटू दे, मग बघू" म्हणतात, आणि बरं वाटेपर्यंत ९० दिवस उलटून जातात.

पायरी पाचवी: फौजदारी आरोप आधी निस्तरा

बळ वापरलं गेलं की अटकेत विरोध, कामात अडथळा, असे आरोप बऱ्याचदा सोबत येतात. तेही आपणच भोगायचे, आणि वर त्यांचा धागा दाव्याला बांधलेला असतो.

सरकारी वकील म्हणतो, किरकोळ गुन्हा मान्य करा, थोडा दंड भरा, आजच घरी जा. मुलाला ऑफिसला जायचं असतं, आईला कोर्टाची पायरी नको असते. सगळे सुटकेचा श्वास टाकून हो म्हणतात. पण १९९४ च्या 'हेक विरुद्ध हम्फ्री' निकालानुसार तुमचा दावा त्या दोषसिद्धीला खोटं ठरवणारा असेल, तर ती दोषसिद्धी उभी असेपर्यंत तो चालत नाही. "मी विरोध केला" असं एका कोर्टात कबूल करून दुसऱ्या कोर्टात "मी निमूट उभा होतो" म्हणता येत नाही. प्रत्येक कबुलीने दावा बुडतोच असं नाही. बेड्या पडून शांत झाल्यावर मारलं असेल तर वाट उरते. पण ती वाट अरुंद आहे.

दुसरा सापळा असा: आरोप मागे घेतो, तुम्ही दावा लावणार नाही असं लिहून द्या. असे करार वैध ठरू शकतात, हे १९८७ मध्येच ठरलेलं आहे. सही करण्याआधी नागरी हक्कांच्या वकिलाला दाखवा.

आणि व्हिसा. किरकोळ वाटणारी कबुली ग्रीन कार्डच्या आड येऊ शकते. २०१० च्या 'पडिया विरुद्ध केंटकी' निकालानंतर हद्दपारीचा धोका आहे का हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तो स्वतःहून बोलला नाही तर तुम्ही विचारा. सरकारने दिलेला वकील असला तरी विचारा.

पायरी सहावी: वकील

लग्नाच्या हॉलमध्ये भेटलेला घर-खरेदीचा वकील इथे कामाचा नाही. फेडरल कोर्टात पोलिसांविरुद्ध दावे चालवलेला वकील हवा. पहिल्या भेटीत विचारा: असे किती दावे ज्युरीपुढे नेलेत? इम्युनिटीवर, म्हणजे पोलिसांना मिळणाऱ्या कायदेशीर कवचावर, अपील लढलात का? तज्ज्ञांचा खर्च कोण उचलणार, हरलो तर तो माझ्या डोक्यावर येणार का?

फी बहुधा जिंकल्यावर, मिळालेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. शिवाय १९७६ पासून कलम १९८८ आहे: दावा जिंकलात तर तुमच्या वकिलाची वाजवी फी समोरच्याने द्यावी असा हुकूम कोर्ट करू शकतं. त्यामुळे आकडा लहान असला तरी चांगला वकील केस घेऊ शकतो. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा.

पायरी सातवी: दावा कुणावर, आणि इम्युनिटीची भिंत

दावा मुख्यतः त्या अधिकाऱ्यावर, नावानिशी, व्यक्तिशः. शेजारी उभा राहून, थांबवायची संधी असताना बघत राहिलेल्या अधिकाऱ्यावरही. भरपाई प्रत्यक्षात जवळजवळ नेहमी शहर किंवा त्याचा विमा भरतो, त्यामुळे "बिचाऱ्याचं घर जाईल" ही काळजी करू नका.

शहरावर दावा लावायला मात्र नुसता त्याचा नोकर चुकला हे पुरत नाही. १९७८ च्या 'मोनेल' निकालाप्रमाणे शहराचं धोरण, रुळलेली पद्धत किंवा प्रशिक्षणातली घोर हेळसांड यामुळे हे घडलं असं सिद्ध करावं लागतं. राज्य सरकारवर या कलमाखाली भरपाईचा दावा होतच नाही.

इमिग्रेशनचा किंवा दुसरा फेडरल अधिकारी असेल तर वाटच वेगळी. कलम १९८३ तिथे लागत नाही, आणि फेडरल अधिकाऱ्यावर थेट भरपाईचा दावा लावायचं १९७१ च्या 'बिव्हन्स' निकालाने उघडलेलं दार न्यायालयाने २०२२ पर्यंत जवळजवळ लावून घेतलं आहे. तिथे फेडरल टॉर्ट क्लेम्स कायद्याखाली आधी संबंधित खात्याकडे लेखी मागणी करावी लागते, ठराविक रकमेचा आकडा घालून, २ वर्षांच्या आत. त्यासाठीचा फॉर्म एसएफ-९५.

आता भिंत. क्वालिफाइड इम्युनिटी म्हणजे अधिकाऱ्याला मिळणारं कवच. तुमचा हक्क मोडला हे पुरेसं नाही. तो हक्क त्या वेळी इतका "स्पष्टपणे प्रस्थापित" हवा की कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला तो कळावा. व्यवहारात वकिलाला तशाच घटनेवरचा जुना निकाल शोधावा लागतो. कवच नाकारलं तर अधिकारी खटला चालण्याआधीच अपिलात जाऊ शकतो, आणि वर्ष-दोन वर्षं तिथे जातात. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोने राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत हे कवच ठेवलेलं नाही. तिथे राहत असाल तर वकिलाला हे आवर्जून विचारा.

पटेलांचा दावा घटनेनंतर आठवड्याभरात दाखल झाला. अधिकाऱ्यावर फेडरल फौजदारी खटलाही चालला. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. पुष्कळांना वाटलं, संपलं. पण फौजदारी खटल्यात शंकेला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं, दिवाणीत पारडं जरासं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं. २०२० मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने इम्युनिटी नाकारली: प्रतिकार न करणाऱ्या माणसाला असं आपटणं चुकीचं आहे हे अधिकाऱ्याला कळायला हवं होतं.

पायरी आठवी: डिपॉझिशन

दावा दाखल झाला की दोन्ही बाजू कागद मागवतात, आणि मग समोरचा वकील तुमची शपथेवर जबानी घेतो. न्यायाधीश नसतो, एक टेबल, पाण्याच्या बाटल्या, टंकलेखक, कॅमेरा. मर्यादा सात तासांची, पण दुभाषी असला की लांबते. भारतात परतलेल्यांची व्हिडिओवरूनही होऊ शकते. ही माझी खोली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

वकील विचारतो, "तुम्हाला हुकूम ऐकू आला नाही?" आजी म्हणते, "हो." मराठीत त्याचा अर्थ, बरोबर, नाही आला. इंग्रजीत नोंद होते "येस", आणि वाचणाऱ्याला वाटतं, आला होता. दुसरं, समोरचा बोलत असताना आपण "हो, हो" म्हणत राहतो. ते ऐकतोय असं सांगणं असतं, पण कागदावर ती संमती होते. मानेचं डोलावणं तर कुणालाच लिहिता येत नाही. म्हणून प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात द्या: मला हुकूम ऐकू आला नाही.

क्रियापदं सांभाळा. एकदा एक काका म्हणाले, "त्याने मनगट पिरगळलं तसा मी हात झटकला." मी जसंच्या तसं सांगितलं, दुभाष्याला काही गाळता येत नाही. समोरच्या वकिलाने पेन खाली ठेवलं आणि हात झटकल्यावर पुढचा पाऊण तास घालवला. काकांनी मग करून दाखवलं, तेव्हा दिसलं की हात कळ येऊन आपोआप आखडला होता. झटकणं वेगळं, आखडणं वेगळं, मागे घेणं वेगळं. पटेलांच्या बाबतीतही ते प्रतिकार करत होते, हाच अधिकाऱ्याचा बचाव होता. जे घडलं त्याचंच नेमकं क्रियापद आधी स्वतःशी शोधून ठेवा.

भाषांतर चुकतंय असं वाटलं तर तिथेच थांबवा आणि बोला. आम्हाला राग येत नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. अंदाजाने सांगितलेला मिनिटांचा आकडा कॅमेऱ्यातल्या घड्याळाशी जुळला नाही, की बाकीचं खरं बोलणंही संशयात येतं.

पायरी नववी: तडजोड

टिकलेल्या दाव्यांपैकी बरेचसे ज्युरीपर्यंत न जाता मिटतात. ज्युरीपुढे गेलात तर फेडरल कोर्टात निकाल बहुधा एकमताने लागतो. अधिकाऱ्यावर दंडात्मक भरपाई लागू शकते, शहरावर नाही. शहराने फेडरल कोर्टाच्या "नियम ६८" खाली तडजोडीचा लेखी देकार दिला तर वकिलाला नीट समजावून द्यायला सांगा. तो नाकारून पुढे त्याहून कमी मिळालं, तर देकारानंतरची वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही.

रक्कम हातात येण्याआधी तिच्यातून वकिलाचा हिस्सा, तज्ज्ञांचा खर्च आणि उपचारांचे पैसे भरलेल्या विमा कंपनीची वसुली वजा होते. शारीरिक इजेच्या भरपाईवर फेडरल आयकर नाही. दंडात्मक रकमेवर आणि व्याजावर आहे. इजा झालेली व्यक्ती स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल किंवा मूल असेल, तर तडजोडीला कोर्टाची मंजुरी लागते.

पटेलांच्या दाव्याची तडजोड २०२१ मध्ये झाली, १७.५ लाख डॉलरवर. मधे सहा वर्षं गेली होती.

सहीच्या दिवशी जो कागद समोर येतो त्याला रिलीज म्हणतात. त्यात बहुधा शहर चूक मान्य करत नाही असं एक वाक्य असतं, आणि या घटनेवरून पुन्हा कधी काही मागणार नाही असं तुमचं वचन असतं. काही वेळा गप्प राहण्याची अटही असते. ती नको असेल तर सही करण्याआधीच वकिलाकरवी काढून घ्यायला सांगा. पूर्ण कागद मराठीत वाचून घ्या, शेवटच्या पानापर्यंत, आणि भारतात असाल तर नोटरी कुठे आणि कशी हवी हे आधी विचारून घ्या.